माहेरची कांब, सासरचा दगड

आमच्या दारामागं दोन लोखंडी कांबी उभ्या असतात. एक अंगठ्याहून जाड, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती आणि इतकी गुळगुळीत की डोळे मिटून हात लावला तरी ओळखू येते. दुसरी करंगळीएवढी बारीक, जरा वाकडी, अंगावर घणाचे ठोके अजून दिसतात. माझा थोरला लेक परवा म्हणाला, जाड राहू दे आठवण म्हणून, बारीक मोडीत घालू, ती कशाच्या कामाची? मी म्हटलं, त्याआधी तुलाच मोडीत घालते. सूनबाई तोंडाला पदर लावून हसली, लेक काही हसला नाही.

पण तो बोलला ते खोटं नव्हतं. ती बारीक कांब कधीच कशाच्या कामाची नव्हती. आणि तरी ती घरात आली त्या दिवसाइतकी ताठ मान मी त्या घरात आधी पाहिली नव्हती, नंतरही क्वचितच पाहिली. ते सांगितल्याशिवाय मी मरणार नाही. लिहायला मी केस पिकल्यावर नातीच्या पाटीवर शिकले, त्यामुळं अक्षर वाकडं येतं. मजकूर सरळ आहे.

कांब म्हणजे काय ते आधी सांगावं लागेल, कारण ते काम माझ्या डोळ्यांदेखत उठून गेलं. वेचून आणलेल्या कापसात सरकी, म्हणजे त्याचं बी, असते. ती काढली की उरते ती रुई. वऱ्हाडात त्यासाठी घरोघरी लाकडी चरखी असे. आमच्या बायकांकडं चरखी नव्हती. आमच्याकडं एक सपाट दगड, त्यावर आडवी ही कांब, आणि मागं बुटकं पिढं. पिढ्यावर बसायचं, दोन्ही तळपाय कांबीवर ठेवायचे, तिला दगडावर पुढं-मागं लोळवायचं आणि हातानं थोडा थोडा कापूस तिच्याखाली देत राहायचं. सरकी पुढं टपटप पडते, रुई मागं येते. सरकीवर ओरखडासुद्धा उठत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या महिन्यात माझ्या तळपायांची सालं निघाली होती. मी सगळा जोर लावून कांब दाबायची आणि सरकी चिरडायची. माय म्हणायची, दाबू नको, चाल. बसल्या जागी चालायचं कसं, हे कळायला मला एक हिवाळा लागला.

ही जाड कांब माझ्या पणजीची. ती गोदावरीपलीकडून तेलंगी मुलखातून आली, एवढंच आम्हाला ठाऊक. तिकडं पाऊस फिरकेना तेव्हा माणसं उठून उत्तरेला चालू लागली. पणजीच्या डोक्यावर गाठोडं, कडेवर माझी आजी आणि कमरेला ही कांब बांधलेली. दगड तिथंच राहिला, दगड कोण वाहून नेणार? पुढं आजी पैनगंगा ओलांडून वाशीमकडं आली, माय अकोल्याजवळच्या एका खेड्यात आली. दर पिढीला गाव सुटलं, दर पिढीला दगड मागं राहिला आणि कांब पुढं आली. त्यावरून आमच्या लोकांत एक रीत पडली. थोरल्या लेकीच्या लग्नात मायनं आपली कांब तिला द्यायची आणि दगड सासरानं द्यायचा. सासऱ्यानं अंगणात दगड मांडला की सून त्या गावची झाली. तोवर ती पाहुणी.

माय मला कांब देत होती म्हणजे आपलं पोट काढून देत होती, हे मला तेव्हा समजलं नाही. माझ्या लग्नानंतर ती दुसऱ्यांच्या चरख्या फिरवून जगली. आणखी एक गोष्ट तिनं दिली. काम सुरू करताना कांब कपाळाला टेकवून चार शब्द म्हणायचे असत. ते आमच्या जुन्या बोलीतले. ती बोली घरातून केव्हाच गेली होती, चार शब्द तेवढे उरले. अर्थ मायलाही येत नव्हता. ती अंदाजानं सांगायची, की बाई, तुला पाय लावते, राग धरू नको.

माझं लग्न झालं ते कापसाच्या चढत्या वर्षांत. सातासमुद्रापलीकडं कुठल्याशा मुलखात भाऊबंदकी पेटली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून विलायतेचे डोळे आमच्या वऱ्हाडाकडं लागले, असं लोक सांगत. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला दिसे ते एवढंच, की ज्वारीच्या वावरात कापूस लागला, खामगावच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटेना, आणि काल अनवाणी फिरणारी माणसं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालू लागली.

सासर अमरावतीपासून सकाळच्या चालीवर. घर आमच्याच जातीचं, पण दोन पिढ्या आधी येऊन स्थिरावलेलं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बरीच वर्षं कसत आलेलं काळ्या मातीचं एक वावर नुकतंच आपल्या नावावर करून घेतलं होतं. फेटा नवा, जोडा नवा आणि बोली गावातल्या कुणब्यांपेक्षाही अस्सल वऱ्हाडी. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. पारावर कुणी गमतीत तेलंगा म्हटलं तरी त्यांचा घास अडकायचा. या मातीत आपण उपरे नाही, हे ते दिवसभर कुणाला ना कुणाला पटवत असायचे. मला त्यांचा राग यायचा. आता त्या रागात थोडी कीवही मिसळली आहे, पण थोडीच.

लग्नानंतर दुसऱ्या दिवशी मी कांब घेऊन अंगणात आले आणि रीतीप्रमाणं उभी राहिले. मामाजींनी दगड मांडला नाही. गोठ्याकडं जाता जाता म्हणाले, "आमच्या घरी पायानं काम करत नाईत. ते आणलं तसं ठेवून दे."

मी आत्याबाईंकडं, म्हणजे सासूबाईंकडं पाहिलं. त्या चुलीत फुंकर घालत होत्या. त्यांचा आवाज मी तोवर नीट ऐकलाही नव्हता. मीठ कुठं आहे विचारलं तरी त्या बोटानं दाखवायच्या. नवरा गाडीवर, महिन्यातले वीस दिवस वाटेत. तो मला म्हणाला, की एका लोखंडापायी घर कशाला पेटवते? स्वभावानं गरीब होता बिचारा. बैलांशी जेवढं बोलायचा तेवढंही बापाशी बोलायचा नाही.

मी कांब माजघरात खुंटीला अडकवली आणि वर्षभर पाहुणीसारखी राहिले. त्या पावसाळ्यात पटकीची साथ आली. एक ओळखीचा गाडीवाला अकोल्याकडून आला आणि दारातूनच सांगून गेला, की तुमची माय गेली, आता आठवडा झाला. माहेर म्हणून जे होतं ते संपलं. मी रडले ते चार दिवसांनी, आणि ते खुंटीवरच्या कांबीला तेल लावताना. तिच्या मधोमध जिथं तळपाय पडतात तिथं ती जरा झिजलेली होती. तिथं मायचे पाय होते, आजीचे होते, पणजीचे होते. माझे अजून नव्हते.

दिवाळीनंतर कापूस फुटला. मी पाटलांच्या वावरात वेचणीला जाऊ लागले. आमचं एक वावर चार दिवसांत वेचून झालं होतं आणि हात रिकामे ठेवायची सवय मला नव्हती. वेचणीची मजुरी कापसातच मिळायची, आणि तो वाटा बाईचा, ही वऱ्हाडची रीत. तिच्यात सासऱ्यालाही हात घालता येत नाही. पहिल्या वेच्याच्या दिवशी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सीतादही झालं. पाटलीणबाईंनी फुटलेल्या झाडांना हळदकुंकू वाहिलं, दहीभात शिंपडला, आम्ही सगळ्या बायांनी हात जोडले. मला ती पूजा फार आवडली. कापसाला बाई समजून तिच्या पाया पडणारी माणसं आपलीच वाटली. तेवढ्यात पाटलीणबाई माझ्याकडं वळल्या. माझ्या कांबीची गोष्ट कुणीतरी त्यांच्या कानावर घातली होती.

"काहून व," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुमच्यात लक्ष्मीले पाय लावतात म्हणे? तुमच्या घरची रुई आमच्या देवाच्या वातीले चालणार नाई बाप्पा."

बाया खाली पाहू लागल्या. मीही खाली पाहिलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण मला माय आठवली, तिचे ते भेगाळलेले पाय आठवले, आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "पाटलीणबाई, भुई बी मायच हाये. तिच्यावर वखर चालते तवा तुमचे गडी पाय कुठी ठेवतात?"

पाटलीणबाई कुंकवाचं ताट उचलून गेल्या. माझं बोलणं मात्र माझ्या आधी घरी पोचलं होतं. मामाजी ओट्यावर उभेच होते. पाटलांच्या बाईला उलटून बोलली, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, दोन पिढ्या पुसून काढलं ते या पोरीनं एका दिवसात परत लिहिलं, असं बरंच झालं. मी ऐकून घेतलं. मग त्यांनी गोठ्याच्या भिंतीला टेकवलेल्या वखराकडं बोट केलं. वखराची पास, म्हणजे खालचं माती कापणारं पातं, झिजून पानासारखं झालं होतं.

"वैशाखात घिसाडी येतील," ते म्हणाले. "तुझ्या कांबीची पास करून घेतो. लोखंड कामी लागन आन् कटकट जाईन."

"मामाजी, ती माझ्या मायची हाये. तिले विस्तू लागला तर मी या घरात राहणार नाई."

"मंग कुठी जाशील?"

ते रागानं नाही, नुसतंच विचारल्यासारखं म्हणाले. तेच मला जास्त लागलं. कारण जायला माहेर उरलं नव्हतं. घिसाडी म्हणजे गावोगाव फिरणारे लोहार. ते पेरणीआधी येतात, पारामागच्या कडुनिंबाखाली भाता मांडतात, औतं दुरुस्त करतात आणि पुढं जातात. म्हणजे माझ्या कांबीला पाच-सहा महिन्यांचं आयुष्य होतं.

दुसऱ्या दिवशी मामाजी वावरात गेल्यावर आत्याबाईंनी मला परसातल्या न्हाणीजवळ बोलावलं. तिथं आंघोळीसाठी एक मोठा दगड टाकलेला होता. खडबडीत, वर शेवाळ. मामाजी रोज सकाळी त्यावर उभे राहून अंगावर पाणी घ्यायचे. आत्याबाई खाली बसल्या, त्याच्या एका कडेखाली त्यांनी पहार घातली आणि मला खूण केली. मी दुसरी कड धरली. दोघींनी मिळून तो उलथा केला. त्यांनी ओंजळीनं पाणी टाकून माती धुतली, पदरानं पुसली. खालची बाजू गुळगुळीत होती. मधोमध आडवी एक उथळ पन्हळ पडलेली होती, कांब फिरून फिरून पडते तशीच. अशी पन्हळ एका बाईच्या पायानं पडत नाही, या घरच्या आधीच्या सासवाही त्यावर बसल्या असणार.

मग त्यांनी दगडाला हात लावून तो कपाळाला नेला आणि पुटपुटल्या. तेच चार शब्द. एक शब्द मायच्यापेक्षा जरा वेगळा, पण तेच.

मी विचारलं, "आत्याबाई, तुमची कांब?"

"होती," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

तो दगड मीच गडगडवत अंगणात आणला. भर अंगणात, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा मांडला. दुसऱ्या दिवशी मामाजींना चिखलात उभं राहून आंघोळ करावी लागली. बाहेर येऊन त्यांनी दगड पाहिला, ओळखला, आत्याबाईंकडं पाहिलं. आत्याबाई ज्वारी निसत होत्या. त्या दिवसापासून ते आम्हा दोघींशी बोलायचे बंद झाले. त्या अबोल्यानं माझं काही अडलं नाही.

पौष, माघ, फाल्गुन. रोज दुपारी मी अंगणात बसायची. माझ्या वाट्याच्या कापसातला मी दुसऱ्या वेच्याचा कापूस निवडून वेगळा ठेवला होता, कारण माय सांगायची, बियाण्याची सरकी दुसऱ्या वेच्याची घ्यावी, ती भरलेली असते. येणारे-जाणारे बघायचे. पोरं मला पायवाली म्हणू लागली. एक म्हातारा रोज थांबून थुंकायचा आणि पुढं जायचा, मग थुंकायचा कंटाळा आला म्हणून नुसताच जाऊ लागला. रुई मी सूत काढणाऱ्या बायांना देत गेले. सरकी राखेत घोळून मातीच्या डेऱ्यांत भरली, वर कडुनिंबाचा पाला घातला, तोंड शेणानं लिंपलं. चैत्रापर्यंत तीन डेरे झाले. शेवटी शेवटी आत्याबाई समोर बसून कापूस मोकळा करून द्यायच्या. पिढ्यावर बसा म्हटलं तर मान हलवायच्या.

त्याच महिन्यांत गावानं एक चूक केली. अमरावतीच्या बाहेर इंजनावर चालणारं, करवतीसारख्या दात्यांचं यंत्र आलं होतं. दलाल बांधावर येऊन सरकीसकट कापूस उचलत. भाव असा होता की लोकांच्या डोळ्यांवर झापड आली. एरवी कितीही विकलं तरी प्रत्येक घर बियाण्यापुरता कापूस मागं ठेवून घरच्या चरखीवर सरकी काढायचं. त्या वर्षी तोही गाडीत गेला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं, दुसरं काय? चरख्या आढ्याला टांगल्या गेल्या. पाटलांचीही टांगली गेली. यंत्राच्या आवारात सरकीचे डोंगर पडलेत, लागेल तेवढी तिथून आणू, असं सगळे म्हणायचे. माझा नवरा परतीच्या गाडीत दोन पोती घेऊन आला. मामाजींनी ती ओट्यावर मांडली आणि माझ्या डेऱ्यांकडं बघून खाकरले.

आत्याबाईंनी त्या पोत्यात हात घातला. मूठभर सरकी तळहातावर पसरून उन्हात धरली. मी वाकून पाहिलं. निम्मी सरकी सोललेली, काही अर्धी कापलेली, बाकीच्यांना कुबट वास. नवरा म्हणाला, तिथं ढिगात हात घातला तर चटका बसायचा, म्हणजे सरकी ढिगातच उबून मेली होती. अक्षय्य तृतीयेला आत्याबाईंनी फुटक्या घागरींची दोन बुडं आणली, दोन्हींत माती भरली, एकात पोत्यातली सरकी मोजून टाकली, दुसऱ्यात तितकीच माझ्या डेऱ्यातली. दोन्ही त्यांनी चुलीमागं ठेवली आणि रोज पाणी घालत राहिल्या. मामाजी त्या घरात राहत होते, पण चुलीमागं काय असतं हे पुरुषाला कुठं माहीत?

घिसाडी आले. घणांचा आवाज घरापर्यंत यायचा. मी कांब खुंटीवरून काढून उशाशी ठेवत होते. एका सकाळी विहिरीवरून परतले, तर मामाजी अंगणात उभे आणि कांब त्यांच्या हातात.

घागर मी खाली ठेवली. फाटक अरुंद होतं. मी त्यात उभी राहिले, दोन्ही हात दोन्ही खांबांना. सासऱ्यापुढं तोंड वर करून उभी राहिलेली सून मी तोवर पाहिली नव्हती, आणि आपण पहिली असावं अशी माझी काही हौस नव्हती. बाजू हो, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी हलले नाही. तिसऱ्यांदा त्यांनी हात उचलला असता की नाही, मला आजही सांगता येत नाही.

तेवढ्यात आत्याबाई ती दोन बुडं घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ती मामाजींच्या पायाशी ठेवली. एकात जाडजूड कोंब इतके दाटीनं आले होते की माती दिसेना. दुसऱ्यात दोन काड्या, पिवळ्या.

"ही तुमची," त्या म्हणाल्या. "ही पोरीची. मिरग पंधरा दिवसांवर आला. काय पेरता?"

मामाजी उकिडवे बसले. पिवळ्या काड्यांभोवतीची माती त्यांनी बोटानं उकरली. सरकी वर आली ती कुजलेली, बोटात धरली तर पीठ झाली. त्यांनी आणखी उकरलं. मग कांब हळूच दगडावर ठेवली. ते खाली पाहूनच म्हणाले, "राहू दे कांब. सरकी दे."

मला वाटलं, मी जिंकले. फाटकातून हात काढले, घागर उचलायला वाकले.

"एवढ्यानं नाई भागत," आत्याबाई म्हणाल्या.

त्या गोठ्याच्या भिंतीपाशी गेल्या. त्या जड वखराला त्यांनी एकटीनं आडवं पाडलं आणि झिजक्या पासेवर हात ठेवला.

"ही माझ्या मायची कांब," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी नवी नवरी होती, तवा तुमी पास करून आणली. बावीस सालं तुमी तिनं भुई वखरली, आन् मी तुमाले भाकर वाढली. आता काढा ही. घिसाड्याकडं न्या आन् मले माझी कांब करून आणा."

मामाजी म्हणाले, "आन् वखराले काय लावू?"

"ते तुमी पाहा."

बावीस वर्षं ती बाई रोज सकाळी त्या वखराशेजारी शेण काढत होती. नवरा तिच्या दगडावर उभा राहून आंघोळ करत होता. आणि मला वाटत होतं, की या घरात लढणारी मी एकटीच. माझी मला लाज वाटली. आधाराला म्हणून मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले, पण आधार त्यांना नको होता, मलाच हवा होता.

मामाजींनी पासेच्या खुंट्या स्वतः ठोकून सैल केल्या. पातं काढलं, खांद्यावर टाकलं आणि पारावरच्या सगळ्या माणसांसमोरून घिसाड्याकडं गेले. पुढं काय झालं ते घिसाड्याच्या बायकोनं मला सांगितलं. घिसाडी म्हणाला, पाटील, उलटं काम सांगताय, कांबीची पास करतात, पासेची कांब कोण करतं? मामाजी म्हणाले, सांगितलं तेवढं कर. त्यांना कुणीतरी पाटील म्हटलं होतं, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी ते ही बारीक कांब घेऊन आले. झिजलेल्या पात्यात लोखंड उरलंच किती होतं? गुंडाळून, ठोकून एवढीच झाली, आणि ती पण वाकडी. मामाजींनी ती आत्याबाईंच्या हातात दिली नाही, तेवढं जमलं नाही त्यांना. दगडावर ठेवली आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

आत्याबाई पिढ्यावर बसल्या. पाय धुऊन आल्या होत्या. चार शब्द म्हटले, तळपाय कांबीवर ठेवले. मी कापूस हातात दिला. कांब सरळ लोळेना, उड्या मारायची. तिच्याखाली सरकी फुटायची, रुई तुटायची. त्यांनी तीनदा करून पाहिलं. मी म्हटलं, माझी घ्या, ही राहू द्या. त्यांनी मान हलवली, पायाखालची कांब उचलून डोळ्यांसमोर धरली आणि हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"लोखंड सारं वावरात गेलं माय," त्या म्हणाल्या. "कापूस होऊन इकल्या गेलं."

त्या मिरगाला आमच्या वावरात माझी सरकी पडली. शेणकाल्यात घोळून मोकळी केली, आणि सरत्यावर, म्हणजे बी सोडायच्या नळीवर, आम्ही दोघी होतो. मामाजींनी दुसऱ्याची पास मागून आणून वखर चालवला. गावातली बरीच वावरं त्या वर्षी पातळ उगवली, काहींना दोनदा पेरावं लागलं. त्याआधीच एका दुपारी पाटलीणबाई आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. स्वतः आल्या, गड्याला पाठवलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं लिहिते. त्या दोन बुडांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती, आणि तिसरा डेरा शिल्लक आहे असंही कळलं होतं. मी म्हटलं, आहे, तुमच्याच वावरातली सरकी आहे ती, पण तिला पाय लागलेत. चालतील का?

त्यांनी दगडाकडं पाहिलं, कांबीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "चालतील."

मी डेरा उचलून दिला. आणखी काही ऐकवायचं मनात होतं, बरंच होतं, पण आत्याबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढं मला ते हलकं वाटलं.

त्या बारीक कांबीनं पुढं कुणी कधी काम केलं नाही. आत्याबाई दर अक्षय्य तृतीयेला तिला तेल लावायच्या. मामाजी दिसले तर मुद्दाम जरा जास्त वेळ लावायच्या. त्यांना लेक नव्हती, मलाही झाली नाही. जाताना त्यांनी ती माझ्या हातात ठेवली, आणि म्हणून ती जाड कांबीशेजारी दारामागं उभी आहे. दगडही अंगणातच आहे, पन्हळ वर करून. त्यावर आता कुणी पाय धूत नाही. मी धुऊ देत नाही.

लेकाला मी काल जवळ बोलावून सांगितलं. म्हटलं, मोडीत घालायचीच वेळ आली तर जाड घाल. ती मला माझ्या मायनं न मागता दिली होती. बारीक एका बाईनं मागून परत घेतलेली आहे.